ग्राहकनिष्ठा पारितोषिक योजना

ग्राहकाने एकाच दुकानातून, कंपनीकडून वा परस्परसंलग्न व्यवसायसमूहाकडून पुनःपुन्हा खरेदी करावी, यासाठी प्रत्येक खरेदीच्या प्रमाणात काही लाभ त्याच्या नावे जमा करून तो पुढे वस्तू, सेवा, सूट किंवा रोख रक्कम या रूपाने देण्याची विक्रेत्याने केलेली व्यवस्था. हा लाभ मोजण्यासाठी तिकिटे, कुपने, मैल किंवा गुण (बोलभाषेत ‘पॉइंट’) अशी निरनिराळी एकके वापरली जातात.

साधी सूट आणि निष्ठा योजना यांत मूलभूत फरक आहे. सूट खरेदीच्या क्षणीच मिळते व व्यवहार तेथेच संपतो. निष्ठा योजनेत लाभ लांबणीवर पडतो, तो साठत जातो आणि पुढील खरेदीवर अवलंबून राहतो. आजच्या व्यवहारातील लाभ उद्याच्या व्यवहाराला बांधलेला असल्याने दुकान बदलणाऱ्या ग्राहकाला साठलेल्या गुणांवर पाणी सोडावे लागते. या योजनांचे ग्राहकावर होणारे बहुतेक परिणाम या एका वैशिष्ट्यातून उद्‌भवतात.

इतिहास : खरेदीच्या प्रमाणात लाभ परत देण्याची पद्धत सहकारी चळवळीत फार पूर्वीच रुजली होती. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेने वर्षाअखेरचा नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटण्याचे तत्त्व स्वीकारले. मात्र तेथे ग्राहक हाच दुकानाचा मालक होता व वाटला जाणारा नफाही त्याचाच होता. खाजगी व्यापाऱ्यांनी या तत्त्वाचे बाह्य रूप उचलले. मालकी मात्र स्वतःकडेच ठेवली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी तिकिटांची प्रथा सुरू झाली. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीची हिरवी तिकिटे त्यांत सर्वाधिक प्रसिद्ध पावली. कंपनी दुकानदारांना तिकिटे विकत असे. दुकानदार दर दहा सेंट खरेदीमागे एक तिकीट ग्राहकाला देई. ग्राहक ती तिकिटे छोट्या पुस्तिकांत चिकटवी आणि पुस्तिका भरल्या की कंपनीच्या केंद्रात त्या देऊन भांडी, दिवे, घड्याळे यांसारख्या वस्तू घेई. तिकिटांच्या विक्रीचे पैसे आधी हाती येत आणि वस्तू नंतर द्याव्या लागत. शिवाय काही तिकिटे हरवत वा घरातच पडून राहत. ही दोन्ही कलमे कंपनीच्या फायद्याची होती.

ब्रिटनमध्ये रिचर्ड टॉम्पकिन्स यांनी १९५८ मध्ये ‘ग्रीन शील्ड’ तिकिटे सुरू केली. टेस्को या दुकानसाखळीने ती १९६३ मध्ये स्वीकारली. १९६४ च्या व्यापारी तिकीट अधिनियमाने प्रत्येक तिकिटावर त्याचे रोख मूल्य छापणे आणि विशिष्ट रकमेची तिकिटे साठल्यावर ग्राहकाने मागितल्यास रोख पैसे देणे बंधनकारक केले. तिकिटाचे मूल्य त्याच्यावरच वाचता येऊ लागले, हे या कायद्याचे महत्त्व होय. पुढील काळातील गुणांच्या बाबतीत अशी स्पष्टता क्वचितच राहिली.

तिकिटांच्या प्रसारातून एक आर्थिक तत्त्व स्पष्ट झाले. गावातील एकाच दुकानात तिकिटे मिळत असतील, तर त्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळते आणि वाढलेल्या विक्रीतून तिकिटांचा खर्च भरून निघतो. सगळीच दुकाने तिकिटे देऊ लागली म्हणजे कोणाचेच गिऱ्हाईक वाढत नाही. खर्च मात्र सर्वांवर पडतो आणि अखेरीस तो वस्तूंच्या किंमतींत मिसळतो. १९७० नंतरच्या दशकात महागाई वाढली, तेव्हा ग्राहकांना भेटवस्तूंपेक्षा कमी किंमती अधिक मोलाच्या वाटू लागल्या. टेस्कोने १९७७ मध्ये तिकिटे बंद करून किंमती उतरविल्या, तेव्हा तिची विक्री झपाट्याने वाढली.

योजनांच्या दुसऱ्या पर्वाचा आरंभ विमानवाहतुकीत झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यावर कंपन्यांत चुरस निर्माण झाली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैल जमा करण्याची योजना जाहीर केली आणि इतर कंपन्यांनी तिचे तत्काळ अनुकरण केले. रिकाम्या जाणाऱ्या आसनावर प्रवाशाला मोफत नेण्यास कंपनीला फारच थोडा जादा खर्च येतो. प्रवाशाला मात्र ते बक्षीस भारी वाटते. शिवाय कामानिमित्त होणाऱ्या प्रवासाचे भाडे मालकसंस्था भरते आणि मैल प्रवाशाच्या खात्यात पडतात. त्यामुळे स्वस्त तिकीट सोडून ‘आपल्या’ कंपनीचे महाग तिकीट निवडण्याचा मोह होतो. अशा योजनांमुळे नव्या विमान कंपन्यांना बाजारात शिरणे अवघड होते, या कारणास्तव नॉर्वेने २००२ पासून देशांतर्गत प्रवासावर मैल देण्यास बंदी घातली होती. ती २०१३ मध्ये उठविण्यात आली.

तिसऱ्या पर्वात कागदी तिकिटाची जागा संगणकाला जोडलेल्या कार्डाने घेतली. टेस्कोने १९९५ मध्ये ‘क्लबकार्ड’ सुरू केले. वरवर पाहता हे तिकिटांचेच पुनरुज्जीवन होते. परंतु तिकीट निनावी होते आणि कार्डावर ग्राहकाचे नाव होते. कोणत्या कुटुंबाने कोणत्या दिवशी काय खरेदी केले, याची नोंद प्रथमच दुकानाच्या हाती आली. पूर्वीच्या ओळखीच्या वाण्याला आपल्या शेपन्नास गिऱ्हाइकांबद्दल जी माहिती असे, ती आता लक्षावधी अनोळखी ग्राहकांबद्दल मिळू लागली. जर्मनीत सवलती व भेटवस्तू यांवर निर्बंध घालणारे १९३० नंतरच्या दशकातील कायदे २००१ मध्ये रद्द झाल्यावर तेथेही या योजना वेगाने फोफावल्या.

खरेदीच्या गतीवर होणारा परिणाम : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० नंतरच्या दशकात असे दाखविले, की चक्रव्यूहातून अन्नाकडे जाणारा उंदीर अन्न जवळ येते तसतसा अधिक वेगाने धावतो. रॅन किवेट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच तत्त्व ग्राहकांना लागू पडते असे सिद्ध केले. दहा पेले कॉफी घेतल्यास एक पेला मोफत देणाऱ्या कार्डाचा त्यांनी अभ्यास केला. कार्डावरील शिक्के पूर्ण होत आले, की दोन खरेद्यांमधील अंतर कमी होत जाते. बक्षीस मिळाल्यानंतर नवे कार्ड सुरू झाले, की ते अंतर पुन्हा वाढते, असे त्यांना आढळले.

त्याच वर्षी जोसेफ न्युनेस व झेव्हियर द्रेझ यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून उद्‌बोधक आहे. मोटारी धुण्याच्या एका केंद्रात ३०० ग्राहकांना कार्डे वाटण्यात आली. निम्म्यांच्या कार्डावर आठ शिक्क्यांच्या जागा होत्या व त्या सर्व कोऱ्या होत्या. उरलेल्यांच्या कार्डावर दहा जागा होत्या. परंतु त्यांपैकी दोन जागांवर आधीच शिक्के मारून दिले होते. दोन्ही गटांना बक्षिसासाठी आठ वेळाच पैसे मोजावयाचे होते. असे असूनही पहिल्या गटातील १९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले. सुरू झालेले काम अर्धवट सोडू नये, या माणसाच्या स्वाभाविक वृत्तीचा येथे उपयोग केलेला दिसतो. नाव नोंदवताच काही गुण भेट देण्याच्या सर्वत्र आढळणाऱ्या प्रथेमागे हेच तत्त्व आहे.

खरेदीच्या प्रमाणावर होणारा परिणाम : योजनेचे सभासद बिगर-सभासदांपेक्षा अधिक खरेदी करतात, ही गोष्ट सर्वत्र आढळते, परंतु तेवढ्यावरून योजना यशस्वी ठरत नाही. ज्याला त्या दुकानातून मुळातच पुष्कळ खरेदी करावयाची असते, तोच आपणहून सभासद होतो. कार्यकारणाची ही उलटापालट लक्षात घेऊन नेदर्लंड्समधील सुपरमार्केटांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात योजनांचा खरा परिणाम सकारात्मक पण अल्प असल्याचे दिसून आले. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या संयुक्त योजनेच्या १९९७ मधील अभ्यासातही ग्राहकांच्या पुनःखरेदीच्या सवयींत किरकोळ बदल आढळला.

कोणाची खरेदी वाढते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. यूपिंग ल्यू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका दुकानसाखळीच्या ग्राहकांचे अल्प, मध्यम व भरपूर खरेदी करणारे असे वर्ग पाडले होते. भरपूर खरेदी करणाऱ्यांनी बक्षिसे सर्वांत जास्त उचलली, पण त्यांची खरेदी वाढली नाही. अल्प व मध्यम खरेदी करणाऱ्यांची मात्र क्रमाक्रमाने वाढत गेली. याचा अर्थ असा, की जो ग्राहक आधीच एकनिष्ठ असतो त्याला जे तो एरवीही करणारच होता त्याबद्दल बक्षीस मिळते आणि ज्याच्या सवयी खरोखर बदलतात त्याच्या वाट्याला बक्षीस थोडे येते. ‘निष्ठा’ हे योजनेचे नाव असले, तरी प्रत्यक्षात ती निष्ठा निर्माण करण्यापेक्षा असलेल्या निष्ठेची नोंद ठेवते आणि काठावरच्या ग्राहकाला थोडे आत ओढते.

किंमतीच्या जाणिवेवर होणारा परिणाम : पैसा आणि वस्तू यांच्या मध्ये गुण हे तिसरे एकक आले, की तुलना अवघड होते. हे उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादे दुकान दर १०० रुपयांच्या खरेदीला दोन गुण देते आणि प्रत्येक गुणाचे मूल्य २५ पैसे धरते, असे मानू. वर्षभरात २०,००० रुपयांची खरेदी करणाऱ्या ग्राहकाच्या खात्यात ४०० गुण साठतील. ‘चारशे’ हा आकडा मोठा वाटतो. परंतु त्याचे मूल्य १०० रुपये, म्हणजे खरेदीच्या अर्धा टक्काच भरते. शेजारच्या दुकानात त्याच वस्तू दोन टक्के स्वस्त असतील, तर तेथे ४०० रुपये वाचले असते. चारशे गुण आणि चारशे रुपये यांतील हे अंतर खरेदीच्या गडबडीत नजरेआड होते. क्रिस्टोफर सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रयोगांद्वारे असे दाखविले, की माणसे अंतिम फळाऐवजी मधल्या माध्यमाचीच, म्हणजे गुणांची, संख्या वाढविण्यामागे लागतात.

याच्या जोडीला मुदत आणि किमान मर्यादा या दोन अटी असतात. ठराविक संख्या गाठल्याशिवाय गुण वापरता येत नाहीत आणि ठराविक काळात न वापरल्यास ते बाद होतात. मर्यादा गाठण्यासाठी काही थोडे कमी पडत असेल, तर ग्राहक नको असलेली वस्तूही घेतो. मुदत संपत आली, की गुण वाया जाऊ नयेत म्हणून दुकानात जातो आणि गुणांच्या मूल्याहून अधिक खर्च करून परततो. अल्प खरेदी करणाऱ्याचे गुण मर्यादा गाठण्यापूर्वीच मुदतबाह्य होण्याचा संभव अधिक असतो.

सभासद नसलेल्यांवर होणारा परिणाम : अलीकडे अनेक सुपरमार्केटे गुणांऐवजी, किंवा गुणांच्या जोडीला, सभासदांसाठी वेगळी कमी किंमत लावतात. फळीवर दोन किंमती झळकतात आणि ओळख न देणाऱ्याला वरची किंमत भरावी लागते. सभासदांची किंमत कमी दिसावी म्हणून मूळ किंमत फुगविली जाते की काय, याची ब्रिटनमधील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने चौकशी केली. सुमारे ५०,००० किराणा वस्तूंच्या किंमती तपासल्यानंतर त्यांपैकी ९२ टक्के वस्तूंवर नेहमीच्या किंमतीच्या तुलनेत खरी बचत होत होती, असा निष्कर्ष प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. तथापि ही किंमत सर्वांत स्वस्त असतेच असे नाही, म्हणून इतर दुकानांशी तुलना करावी, असेही त्याने सुचविले. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही अशा वृद्ध वा गरीब ग्राहकांना या किंमतीचा लाभ घेणे कठीण जाते, हा या पद्धतीवरील गंभीर आक्षेप आहे.

क्रेडिट कार्डांच्या गुणांबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. या गुणांचा खर्च मुख्यतः दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून आणि थकबाकीवरील व्याजातून भागतो. दुकानदार ते शुल्क किंमतींत मिळवितो व रोख पैसे देणाराही त्याचा भार उचलतो. अमेरिकेतील कार्डांबाबत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, बक्षिसांच्या मार्गाने दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर कार्डाचा व्यवहार नीट न समजणाऱ्यांकडून तो चांगला समजणाऱ्यांकडे जातात. कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांकडून सधन वस्त्यांकडे असा हा ओघ असतो.

गुणांचे आर्थिक व कायदेशीर स्वरूप : गुण हे एक प्रकारचे खाजगी चलन होय, परंतु त्याचे मूल्य ठरविण्याचा, बदलण्याचा आणि ते रद्द करण्याचा अधिकार बहुतेक योजनांच्या नियमांनुसार ते काढणाऱ्याकडेच असतो. काल दहा हजार मैलांत मिळणाऱ्या तिकिटाला उद्या पंधरा हजार मैल लागू शकतात. अमेरिकेत एका प्रवाशाचे सभासदत्व विमान कंपनीने रद्द केले, तेव्हा त्याने कंपनीने सद्‌भावाने वागण्याचे बंधन मोडल्याचा दावा केला. विमानभाडी नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यामुळे असा दावा टिकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. याउलट कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने केवळ कालावधी उलटला म्हणून गुण बाद करण्यास मनाई करणारा कायदा २०१६ मध्ये संमत केला.

हिशेबशास्त्रात मात्र गुण हे देणे मानले जाते. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या लेखामानक ११५ नुसार, विक्रीच्या रकमेतील गुणांच्या वाट्याचा भाग लगेच उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही. गुण वापरले जाईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत तो पुढे ओढावा लागतो. गुण कधीच वापरले न जाण्याचे अपेक्षित प्रमाणही कंपनीला आधीच अंदाजावे लागते. या योजना आता स्वतंत्र धंदाच बनल्या आहेत. विमान कंपन्या बँकांना मैल विकतात व बँका ते कार्डधारकांना देतात. कोव्हिड महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, युनायटेड एअरलाइन्सने आपली मैल योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, यावरून तिच्या मूल्याची कल्पना येते.

भारतातील स्थिती : भारतातील किराणा व्यापारात निष्ठेचे बंध पूर्वीपासून होते, पण ते वेगळ्या प्रकारचे होते. महिनाअखेरीस चुकती होणारी उधारीची वही, वजनानंतर वर घातलेली मूठभर जिन्नस, दिवाळीची भेट यांमुळे कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकाच दुकानाशी बांधलेली राहत. या व्यवस्थेत अडचणीच्या वेळी ग्राहकाला पत मिळे. त्याच वेळी उधारी असल्याने दुसरीकडे जाणेही त्याला जड जाई. आधुनिक योजनेत पत दुकानदाराची नसून ग्राहकाची असते. गुणांच्या रूपाने तोच दुकानाकडे आपले येणे ठेवतो.

मुंबईत सुरू झालेल्या ‘शॉपर्स स्टॉप’ या दुकानसाखळीची ‘फर्स्ट सिटिझन’ ही देशातील आरंभीच्या सभासद योजनांपैकी एक होय. भारत पेट्रोलियमने ‘पेट्रोबोनस’ कार्डाद्वारे ही पद्धत पेट्रोल पंपांवर आणली. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आय-मिंट’ योजनेने निरनिराळ्या व्यवसायांचे गुण एकाच खात्यात आणले. पुढे ती ‘पेबॅक’ या नावाने चालली. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली, तरी तिची मैल योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने त्याच वर्षी नव्या नावाने चालू राहिली. मैल शिल्लक राहिले. पण ज्या विमानांसाठी ते साठविले होते ती राहिली नाहीत.

भारतात कार्डाची जागा लवकरच मोबाइल क्रमांकाने घेतली. बिल करताना क्रमांक विचारण्याची प्रथा इतकी रूढ झाली, की तो दिल्याशिवाय विक्री करण्यास नकार मिळाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने अशी सक्ती म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे किरकोळ विक्रेत्यांना कळविले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. माहिती कोणत्या हेतूने घेतली जात आहे हे सांगून संमती घेणे आणि संमती मागे घेण्याची सोय ठेवणे, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत.

मूल्यमापन : या योजना सर्वस्वी फसव्या आहेत, असे म्हणता येत नाही. जो ग्राहक एरवीही त्याच दुकानात जातो, थकबाकी ठेवत नाही आणि गुण वेळेवर वापरतो, त्याला त्यांतून निव्वळ लाभ होतो. दुकानालाही मागणीचा अंदाज बांधता येऊन मालाची नासाडी टाळता येते. तथापि हा लाभ फुकट नसतो. ग्राहक त्याची किंमत तीन प्रकारे मोजतो : अन्यत्र किंमत पाहण्याची सवय सुटते, घरातील खाण्यापिण्याची, आजारपणाची व अडीअडचणीची नोंद दुसऱ्याच्या हाती जाते आणि खरेदीची वेळ व प्रमाण यांवरील स्वतःचा ताबा काही अंशी ढिला होतो. ग्रीन शील्डच्या तिकिटावर त्याचे रोख मूल्य छापलेले असे. आजच्या गुणावर ते नसते, म्हणून ते काढण्याचे काम ग्राहकालाच करावे लागते. गुणांचे रुपयांत रूपांतर करून ती रक्कम वस्तूच्या किंमतीतून वजा केली आणि उरलेली किंमत शेजारच्या दुकानातील किंमतीशी ताडून पाहिली, म्हणजे योजनेचे खरे मोल कळते.